‘मले’वर मारलेल्या फुल्या

अन्याय झाला तो तिसरीतल्या एका मुलीवर. जुलैमधल्या दुसऱ्या मंगळवारी, परिपाठ आणि हजेरी आटोपल्यावर, अकराच्या सुमारास. ठिकाण समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावची जिल्हा परिषद शाळा, व्हरांडा. अन्याय करणारी मी.

नाव कोणाचंच लिहीत नाही. मुलीचं लिहिलं तर गावातली पोरं तिलाच चिडवतील. माझं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, एका कार्यकर्तीच्या हातून चूक झाली, सोडा. सोडू नका.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात होते तेव्हापासून. बंद केलेल्या एसटीच्या फेरीसाठी, अंगणवाडीच्या गळक्या छतासाठी, हातपंपासाठी. पत्रकात फुलं-पानं लावायची नसतात. अन्याय कोणावर, कधी, कोणी केला, आमची मागणी काय. हिंगणघाटच्या एका छापखान्यात शाईच्या वासात उभं राहून मी हे शिकले. आता आठवण लिहायला बसले तरी हात तसाच चालतो आहे. चालू द्या.

त्या वर्षी एका संस्थेला गावोगावच्या शाळांत वाचन चाचणी घ्यायला कार्यकर्ते हवे होते. वर्ध्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. चहा मिळाला, फोल्डर मिळालं, मागे खोडरबर लावलेली पेन्सिल मिळाली आणि एक जाड कार्ड. कार्डावर वर एक उतारा, त्याखाली सुटी वाक्यं, मग शब्द, सगळ्यात खाली अक्षरं. मुलाला आधी उतारा द्यायचा. शब्द चुकला की आपल्या कागदावर त्या शब्दावर फुली. तीनपेक्षा जास्त फुल्या झाल्या की एक पायरी खाली उतरवायचं. तिथे अडलं की आणखी खाली. उतारा अक्षरं जोडत वाचला, तर एकही शब्द चुकला नसला तरी थेट शब्दांवर. मूल जिथे टेकेल तो त्याचा स्तर, त्या रकान्यात बरोबरची खूण. एका मुलाला पाच मिनिटं.

खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. किती दिवस नुसती भाषणं करायची? आता साहेबांच्या टेबलावर आपटायला पुरावा मिळणार होता. गरिबाच्या लेकरांना सरकार वाचायलासुद्धा शिकवत नाही, घ्या, हा कागद. मी पुरावा गोळा करायला निघाले होते. लेकरांना ऐकायला नव्हे.

उतारा असा होता: ‘आईने मला बाजारात नेले. मला फुगा हवा होता. आई म्हणाली, तुला फुगा कशाला? तो फुटेल. मग तिने मला पेन्सिल घेऊन दिली. मला रडू आले.’

पहिला एक मुलगा आला, वर्गातला हुशार म्हणून सरांनीच पाठवलेला. हात मागे बांधून, श्वास न घेता, सिंदी स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या मालगाडीसारखा तो उतारा म्हणून मोकळा झाला. एकही फुली नाही. उताऱ्यात काय झालं हे मी त्याला विचारलं नाही. कागदावर तो रकानाच नव्हता.

मग ती आली. ठेंगणी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. युनिफॉर्मची कॉलर झिजलेली, म्हणून उलटवून शिवलेली. शिवण आईच्या हातची असावी, बारीक आणि सरळ होती. तिने कार्ड मांडीवर घेतलं, उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली धरलं आणि वाचायला लागली.

‘मायनं मले बजारात नेलं. मले फुगा पाह्यजे होता. माय म्हणे, तुले फुगा कायले? फुटते तो. मंग तिनं मले पेन्सिल घेऊन देल्ली. मले रडू आलं.’

कुठेही अडली नाही. ‘कायले’ म्हणताना तिचा आवाज रागावलेल्या आईसारखा वर गेला. ‘मले रडू आलं’ म्हणताना इतका खाली आला, की आत वर्गात चाललेल्या पाढ्यांत ते जवळजवळ बुडालं.

मी फुल्या मारत होते. ‘आईने’वर फुली. ‘मला’वर फुली. ‘बाजारात’वर, ‘नेले’वर, ‘हवा’वर. ‘कशाला’पर्यंत पोचले तेव्हा तीनचा नियम कधीच ओलांडून गेला होता, तरी हात थांबत नव्हता. पत्रकाची प्रुफं तपासल्यासारखी मी तिला तपासत होते.

वाचून झाल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती पेन्सिलीकडे पाहत होती. कागद तिच्या बाजूने उलटा होता, पण फुली उलटी काय, सुलटी काय, सारखीच दिसते.

‘चुकलं का, मॅडम?’

‘नाही गं. आता हे वाच.’ मी वाक्यांवर बोट ठेवलं.

तिचे ओठ हलले. आवाज नाही. मी शब्दांवर आले. ‘कमळ’. ‘शाळा’. ‘पाऊस’. ती पेन्सिलीकडे पाहत राहिली. पाच मिनिटं संपत आली होती आणि रांगेत अजून मुलं होती. मी अक्षरांवर आले. तिने हळूच म्हटलं, ‘क. म. ल.’ अक्षरांना बोली नसते. तिथे तिला धोका वाटला नाही.

मी ‘अक्षर’च्या रकान्यात खूण केली आणि तिला ‘शाबास’ म्हणाले.

ऑगस्टमध्ये शाळेत याद्या आल्या. शाळा दोन शिक्षकांची, त्यातल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे चार वर्ग आणि एक सर. स्तराप्रमाणे गट करून बसवा, असं वरून आलं होतं. ‘अक्षर’ गटात पहिलीची सगळी पोरं आणि तिसरीतली ही एकटी. तिचा धाकटा भाऊ पहिलीतच होता. त्याने घरी जाऊन उड्या मारत सांगितलं, ‘माय, ताई आता माह्याच पट्टीवर बसते!’

ती काही बोलली नाही. रडली नाही, शाळा बुडवली नाही. दिलेली अक्षरं झटकन गिरवायची आणि मग भावाचा हात धरून त्याची गिरवून द्यायची. खिचडीच्या सुट्टीत तेवढी आपल्या तिसरीच्या मुलींत जाऊन बसायची आणि घंटा झाली की परत पहिलीत. विहारात वंदना सुरू करायला आधी ती पुढे असायची. दिवाळीपर्यंत ती बायकांच्या मागच्या रांगेत सरकली. हे सगळं मला तिच्या आईने नंतर सांगितलं. आपण लेकरांबद्दल बोलताना म्हणतो, फार सोशिक असतात, कशातूनही निभावून नेतात. निभावणं म्हणजे काय, तर आवाज आत घेणं. आपल्याला ते सोयीचं असतं, म्हणून आपण त्याचं कौतुक करतो.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि आईने तिला शाळेत पाठवलंच नाही. कापसाच्या वेचणीला सोबत नेलं.

हे मला माहीत नव्हतं. मी नोव्हेंबरात त्या गावात गेले ती नवीन पत्रक घेऊन. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत टाकणार, अशी बोलवा होती. गावात दुपारी कोणी भेटेना. सगळे वावरात. म्हणून मीही वावरात गेले. लांब गिरडचा डोंगर दिसत होता. बायका बांधावर, धुऱ्यावर, बाभळीच्या सावलीला भाकरी सोडून बसल्या होत्या.

‘आली व पाम्प्लेटवाली,’ एक म्हातारी म्हणाली. ‘मागच्या खेपी पान्याचं आणलंतं तुनं. लय कामाचं होतं. म्या त्याच्यात भजे बांधून नेले.’

सगळ्या हसल्या. मीही हसले. ‘या खेपी वाचा तरी, मावशी.’

‘कायनं वाचू? या दोन दातानं?’

‘आना इकडं,’ शेजारची एक बाई म्हणाली आणि कागद मागे दिला. ‘वाच व पोरी.’

मागे ती बसली होती. कापसाची ओटी कमरेला तशीच बांधलेली. मी ओळखलं. तिनेही ओळखलं, कारण तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात पेन्सिल नव्हती, पत्रकांचा गठ्ठा होता.

पत्रकात मी लिहिलं होतं: ‘सदर शाळा बंद करण्याचा विचार तात्काळ रद्द करण्यात यावा. आमच्या पाल्यांना शिक्षणापासून दूर ठेवण्यात येऊ नये.’

तिने बोट ठेवलं. आधी ओठांत, छापलंय तसं. मग मोठ्याने. ‘हे शाळा बंद कराचा इचार…’ ती थांबली. ‘तात्काळ म्हंजे?’

‘लगेच,’ मी म्हणाले.

‘…आत्ताच्या आत्ता रद्द करा. आमच्या…’ पुन्हा थांबली. ‘पाल्यांना?’

‘पालीइले?’ म्हातारी ओरडली. ‘पालीइले शाळा कायले पाह्यजे व माय? भितीवर लिवतीन का त्या?’

हसून हसून एकीला ठसका लागला. ‘पाल्य म्हणजे लेकरं, मावशी,’ मी सांगितलं. माझे कान तापले होते.

मुलगी हसली नाही. ती कामात होती. ‘आमच्या लेकराइले शिक्षणापासून दूर नोका ठेवू,’ तिने वाचून संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून एका दमात सगळं म्हणून दाखवलं.

म्हातारीने हातातली भाकर खाली ठेवली. ‘असं हाय का? आपली शाळा बंद करून राह्यले? मंग असंच काऊन नाई लिहीत तू? आमच्यासाठी लिहितं का साहेबासाठी?’

मी कागद मागे देणाऱ्या बाईकडे, मुलीच्या आईकडे, वळून म्हणाले, ‘हिला तर छान वाचता येतं. मग ही इथे कशी? शाळा?’

‘येते का?’ आई म्हणाली. ‘सर म्हणे, वर्ध्याहून मॅडम आलत्या, त्याइनं परीक्षा घेतली, पोरगी अक्षरावर हाय. लिहून देल्लं त्या मॅडमनं, येत नाई म्हणून. तिसरीतली पोट्टी पहिलीत बसवली. म्हटलं, अक्षरंच गिरवाची हायेत तं तिथं कायले? चाल वावरात.’

‘ह्याच मॅडम होत्या, माय,’ मुलगी म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ‘अस्सं,’ ती म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर अंबाडीची भाजी ठेवून माझ्यापुढे धरला. ‘जेवा.’

मी जेवले. नाही म्हणायची माझी लायकी नव्हती.

मी सिंदीजवळच्या एका गावची. पहिलीत असताना एकदा मी बाईंना म्हणाले होते, ‘बाई, मले पानी पाह्यजे.’ बाई म्हणाल्या, ‘नीट बोल, मग पाणी.’ नीट म्हणजे काय ते मला कळलं होतं. तरी मी बोलले नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसले, जीभ टाळूला चिकटली होती. पुढे मी नीट बोलायला शिकले. इतकी नीट, की संघटनेतल्या एका मोठ्या कार्यकर्त्याने माझं पहिलं पत्रक लाल शाईने सुधारून दिलं तेव्हा मी ते पाठ केलं. ‘पत्रक शुद्ध पाहिजे,’ ते म्हणाले होते, ‘नाहीतर साहेब हसतो.’ साहेबाने हसू नये म्हणून मी माझ्या तोंडातला ‘ले’ उपटून काढला. मग तोच दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडात दिसला आणि त्यावर फुली मारली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सर लातूरकडचे. चांगला माणूस, दमलेला. मी सरळ विचारलं, ‘ती वाचते हे तुम्हाला माहीत होतं का?’

‘होतं,’ सर म्हणाले.

‘मग गप्प का बसलात?’

‘तुम्ही तपासून गेलात, मॅडम. मी म्हणू की तपासणी चुकली? म्हणजे मलाच विचारणार, मग तुमच्या शाळेत असली पोरं किती. आणि सांगू काय… मी इथे आलो तेव्हा महिनाभर या लेकरांचं मला काही कळत नव्हतं. आता मीच घरी फोनवर ‘काऊन’ म्हणतो. बायको हसते.’ सर स्वतःही हसले आणि लगेच गंभीर झाले. ‘माहिती भरून गेली आहे. आता बदलायचं तर जानेवारीच्या चाचणीतच.’

मी संस्थेला फोन केला. बोलीत वाचलेलं बरोबर धरायचं का? पलीकडून नम्र आवाज आला, ‘ताई, तसा निकष नाही. सगळ्या जिल्ह्यांना एकच कागद आहे.’ मी बरंच काही बोलले. पत्रकात छापण्यासारखं त्यातलं काही नव्हतं.

मग मुलीच्या आईकडे गेले. जानेवारीत एक दिवस तिला शाळेत पाठवा, मी पुन्हा ऐकते. आई म्हणाली, ‘एक दिवस नेजा. वर चढली तं शाळेत धाडीन. नाई तं नाई. मले तिचा तमाशा नाई कराचा दरवर्षी.’ आईचं म्हणणं साफ होतं. त्या एका सकाळवर त्या मुलीची शाळा टांगलेली होती.

मी मनाशी ठरवून गेले होते की एकही फुली मारायची नाही. ती आपल्या बोलीत वाचेल, मी ‘उतारा’च्या रकान्यात खूण करीन, आणि कोणी विचारलं तर भांडेन. भांडता मला येतं.

तोच व्हरांडा, तेच कार्ड. ती बसली. बोट ठेवलं नाही. डोळे पेन्सिलीवर.

‘आ. ई. ने,’ ती म्हणाली. पेन्सिलीकडे पाहिलं. पेन्सिल हलली नाही. ‘म. ला.’ पुन्हा पाहिलं. ‘बा. जा. रात.’

सगळा उतारा तिने असा वाचला. एकही शब्द चुकला नाही. ‘कशाला’ म्हणताना आवाज वर गेला नाही. ‘मला रडू आले’ म्हणताना खाली आला नाही. जुलैत फुल्या कुठे पडल्या होत्या हे तिने पाठ ठेवलं होतं. भावाच्या शेजारी बसून अक्षरं गिरवत, वेचणीला वाकून कापूस काढत, तिने आपल्या मनात तो उतारा दुरुस्त करून घेतला होता.

मी पेन्सिल खाली ठेवली. ‘काय घेऊन दिलं गं आईने बाजारातून?’

तिने कार्डाकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पेन्सिलीकडे. ‘नाई…’ म्हणाली आणि चपापली. ‘नाही माहीत, मॅडम.’

नियमाप्रमाणे इतकं अडखळत वाचणारी ‘शब्दा’वर जाते. मी ‘उतारा’वर खूण केली. खोटी खूण. जुलैत खरोखर वाचणारीला मी तळाला ढकललं होतं आणि जानेवारीत, तिचं वाचणं मोडून झाल्यावर, वर चढवलं. कागदावर ही प्रगती दिसते. कुठल्यातरी फायलीत ती अजूनही प्रगती म्हणून ठेवलेली असेल.

आईने शब्द पाळला. फेब्रुवारीत वेचणी सरली आणि मुलगी शाळेत गेली, तिसरीच्या पट्टीवर बसली. मार्चमध्ये सर भेटले तेव्हा म्हणाले, ‘शुद्ध वाचते आता. पण वाचलं त्यातलं काही विचारा, सांगत नाही.’

शाळा बंद करण्याची बोलवा तेव्हा पुन्हा उठली होती. मी नवीन पत्रक काढलं. या वेळी म्हातारीने सांगितलं तसं. संघटनेत वाद झाला, मी ऐकलं नाही. वर मोठ्या अक्षरात छापलं: ‘आमच्या लेकराइले शाळा पाह्यजे. आत्ताच्या आत्ता सांगा, बंद करून राह्यले का नाई?’ पहिली प्रत घेऊन मी तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. हे तिचंच वाक्य होतं. तिने धुऱ्यावर बसून बनवलेलं.

ती ओट्यावर बसून गृहपाठ करत होती. कागद हातात घेतला. ओठ हलले. मग कपाळाला आठी पडली.

‘मॅडम, हे चुकलं आहे,’ ती म्हणाली. आणि दप्तरात चाचपून तिने पेन्सिल काढली. ‘लेकराइले’वर एक फुली मारली. ‘पाह्यजे’वर एक. माझ्याकडे न पाहता, भराभर, अगदी मी मारल्या होत्या तशा.

माझी मागणी सरकारकडे नाही. सरकारकडे मी रोजच करते. ही तुमच्याकडे आहे. तुम्ही हे वाचता म्हणजे तुम्हाला शुद्ध येतं, कुठेतरी कोणीतरी तुम्हाला ते शिकवताना तुमच्या तोंडातलं काहीतरी काढून घेतलं असेल. तुमच्या गावातल्या, तुमच्या वस्तीतल्या शाळेत असा कागद पडून आहे. जा आणि तो मागा. फुल्या किती आहेत ते पाहू नका, कशावर आहेत ते पाहा. मग त्या मुलाला समोर बसवा, हात रिकामे ठेवा, त्याच्या तोंडून उतारा ऐका आणि विचारा, काय झालं यात? त्याने त्याच्या बोलीत बरोबर सांगितलं, तर त्या कागदावरच्या फुल्या शिक्षकांसमोर खोडून घ्या. खोडरबर पेन्सिलीच्या मागेच असतं. जून उजाडायच्या आत जा.